देवदासचे अश्रू आणि 'माणूस'चे उत्तर

नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक उभे आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या कर्मयोग्याने १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला आणि लवकरच आपला सारा पसारा नाशिकला हलविला, हे येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या हरिश्चंद्राची पुढची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. अवघ्या चार वर्षांनी, १९१७ साली, कलकत्त्यात जे. एफ. मादन यांच्या कंपनीने तेच आख्यान 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' या नावाने नव्याने चित्रित केले. दिग्दर्शक होते रुस्तमजी धोतीवाला. भारतीय चित्रसृष्टीतील पहिली पुनर्निर्मिती म्हणून याच चित्रपटाचा उल्लेख केला जातो. आज ज्याला आपण सर्रास 'रिमेक' म्हणतो, त्याचा श्रीगणेशा असा झाला. महाराष्ट्राने प्रथम पडद्यावर आणलेली कथा बंगालने पुन्हा पडद्यावर आणली.

पुढच्या काळात बंगालने ही उसनवारी सव्याज फेडली. राजा हरिश्चंद्राने प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणले ते सत्यासाठी सर्वस्व गमावून. बंगालमधून आलेल्या कथांनी ते आणले प्रेमात सर्वस्व गमावून. या दुसऱ्या प्रकारच्या अश्रूंनी गेली जवळजवळ नऊ दशके आपल्या मध्यमवर्गीय घरांवर राज्य केले आहे. त्या अश्रूंची मोहिनी कशात आहे आणि त्यांचे करायचे काय, हा प्रश्न वाटतो तितका हलका नाही.

बंगालचे ऋण

महाराष्ट्र आणि बंगाल यांचे नाते केवळ चित्रपटांचे नाही. देशाच्या दोन टोकांना असलेल्या या दोन प्रांतांनी एकमेकांकडून खूप घेतले. सखाराम गणेश देऊसकर या मराठी रक्ताच्या लेखकाने बंगालीत 'देशेर कथा' लिहून स्वदेशीच्या चळवळीला शब्द दिले. वंगभंगाच्या लढ्यात टिळकांचा महाराष्ट्र बंगालच्या पाठीशी उभा राहिला. राजकारणात जुळलेले हे धागे साहित्यात अधिक घट्ट झाले. मामा वरेरकर यांनी शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांचे साहित्य मराठीत आणले आणि शरदबाबू मराठी वाचकाला परके राहिलेच नाहीत. वाडा, तळे, तुळशीवृंदावन, पदराआडचे हुंदके आणि वडीलधाऱ्यांचा शब्द हे सारे येथल्या गृहिणीला आपल्याच आळीतले वाटले.

याच शरदबाबूंची 'देवदास' ही कादंबरी १९१७ साली प्रसिद्ध झाली. ती त्यांनी ऐन तारुण्यात लिहिली होती. पुढे बरीच वर्षे ती अप्रकाशितच राहिली. मात्र एकदा बाहेर पडली आणि तिला अंत राहिला नाही. १९२८ मध्ये नरेश मित्र यांनी तिच्यावर मूकपट काढला. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी प्रमथेश बरुआ यांनी तो बंगालीत बोलका केला आणि नायकाची भूमिका स्वतः वठविली. पाठोपाठ त्यांनीच हिंदी आवृत्ती दिग्दर्शित केली. तिच्यात कुंदनलाल सैगल देवदास झाले आणि त्यांच्या कंठातून ते दुःख साऱ्या देशात पसरले. त्या हिंदी आवृत्तीचे छायाचित्रण ज्यांनी केले, त्याच बिमल रॉय यांनी १९५५ साली मुंबईत दिलीपकुमार, सुचित्रा सेन आणि वैजयंतीमाला यांना घेऊन 'देवदास' पुन्हा घडविला. २००२ साली संजय लीला भन्साळी यांनी शाहरुख खान, ऐश्वर्या राय आणि माधुरी दीक्षित यांना घेऊन तो तिसऱ्यांदा हिंदीत आणला. मधल्या काळात दक्षिणेनेही आपला देवदास घडविला तो वेगळाच.

एका कृश कादंबरीची इतकी आवर्तने झाली. हा केवळ व्यापाऱ्यांच्या चातुर्याचा भाग मानला, तर प्रेक्षकांच्या मनाकडे डोळेझाक केल्यासारखे होईल. व्यापारी चित्रपट विकू शकतो. त्याला पिढ्यान् पिढ्या रडविता येत नाही.

मोहिनी कशाची?

देवदासची कथा दोन ओळींत सांगता येते. जमीनदार मुखर्जींचा मुलगा आणि शेजारच्या चक्रवर्तींची मुलगी बालपणापासून एकमेकांची. मुलीच्या घरून विषय निघतो, मुलाच्या घरून नकार येतो. ऐनवेळी मुलाचा धीर सुटतो. मुलगी वयाने कितीतरी मोठ्या बिजवराच्या घरी जाते आणि मुलगा मद्याच्या वाटेने मृत्यूकडे. शेवटी तो तिच्या दाराशी येऊन प्राण सोडतो.

या कथेत पराक्रम नाही आणि खलपुरुषाला शासनही नाही. तरीही प्रेक्षक विरघळतो, कारण तिच्यात एक गोष्ट आहे जी प्रत्येक घरात असते. ती म्हणजे वेळेवर न बोललेला शब्द. लग्नाच्या वयात मनातले वडिलांना सांगता आले नाही असे किती पुरुष, आणि सांगण्याचा प्रश्नच उद्भवला नाही अशा किती स्त्रिया आपल्या पाहण्यात असतील! त्यांचे संसार नीट झाले, मुलेबाळे झाली, पश्चात्तापाचे कारणही उरले नाही. तरी मनाच्या एका कोपऱ्यात तो शब्द तसाच पडून राहिला. चित्रगृहाच्या अंधारात त्याला वाट मिळते. शेजारी बसलेल्या कोणालाही कळू न देता माणूस स्वतःसाठी रडून घेतो. अशा चित्रपटांना 'रडारडीचे' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट समजून घेतली पाहिजे.

ही मोहिनी केवळ प्रेमकथेपुरतीही नाही. १९९१ साली विजय कोंडके यांनी 'माहेरची साडी' पडद्यावर आणला. तोही मुळात 'बाई चाली सासरिये' या राजस्थानी चित्रपटाची पुनर्निर्मिती. पण खेडोपाडीच्या बायका तो पाहायला लोटल्या तेव्हा कथा मारवाडातून आली आहे, याची चौकशी कोणी केली नाही. सासरी सोसणारी अलका कुबल त्यांना आपली लेक वाटली. दुःखाची भाषा सीमा ओलांडते. तिला फक्त स्थानिक लुगडे नेसवावे लागते, आणि यशस्वी पुनर्निर्मितीचे मर्म एवढेच आहे.

तीन देवदास, तीन काळ

कथा तीच असली, तरी प्रत्येक पिढीने तिच्यात आपल्या मनाचे पाणी मिसळले. बरुआ–सैगल यांच्या देवदासात पारतंत्र्यातील एका वर्गाची हतबलता होती. जुनी जमीनदारी आतून पोखरली गेलेली, नवे शहर हाक मारणारे आणि दोहोंमध्ये सापडलेला तरुण कोठलाच न राहिलेला. बिमल रॉय यांच्या देवदासात संयम होता. पारो आणि चंद्रमुखी रस्त्यावर एकमेकींना पाहतात आणि एक शब्दही न बोलता आपापल्या वाटेने जातात. त्या अबोल्यात जे आहे, ते पानेच्या पाने संवाद लिहून साधले नसते.

भन्साळींनी मात्र अबोला ठेवलाच नाही. मूळ कादंबरीत ज्या दोघी कधी भेटत नाहीत, त्यांना त्यांनी भरजरी वस्त्रांत एकत्र नाचविले. कलकत्त्याहून गावी परतणारा देवदास त्यांच्याकडे लंडनहून परतला. चक्रवर्तींचे साधे घर राजवाड्यासारखे झाले. मध्यमवर्गाच्या हाती पैसा खेळू लागला होता तो हा काळ, आणि दुःखानेही नटूनथटून यावे ही त्या काळाची अपेक्षा होती. माधुरी दीक्षितची चंद्रमुखी डोळे दिपविणारी होती, हे निर्विवाद. पण इतक्या वैभवात मूळ कथेचा कणाच हरवला. दोन घरांतील अंतर डोळ्यांना दिसेनासे झाले, तर नकाराचे शल्य प्रेक्षकाला बोचणार कसे? दोन्ही घरी झुंबरेच लटकत असतील, तर हीन कोण आणि थोर कोण?

तरीही तिन्ही हिंदी चित्रपटांचा शेवट एकाच दृश्यावर होतो. बाहेर देवदास अखेरचे श्वास मोजतो आहे, पारो धावत सुटली आहे आणि सासरच्या वाड्याचे थोरले दार तिच्या तोंडावर बंद होते आहे. पुनर्निर्मात्यांनी बाकी सारे बदलले. ते दार बदलण्याची छाती कोणाची झाली नाही. कारण प्रेक्षक येतो तो त्या दारासाठी.

मराठी मातीचे उत्तर

येथवर मोहिनीची बाजू झाली. पण मोहिनीला बळी पडणे आणि तिला ओळखणे यांत अंतर आहे. ते ओळखण्याचे काम फार पूर्वी एका मराठी माणसाने केले, आणि त्याची आठवण आज ठेवण्यासारखी आहे.

सैगलचा देवदास देशभर गाजू लागला, त्याच सुमारास, १९३६ साली, पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' आला. तोही डोळ्यांत पाणी आणणारा. पण ते पाणी माणसाला हलके करून, वर उचलून घरी पाठविणारे. प्रभातचे व्ही. शांताराम यांना देवदासमधील पराभूत वृत्ती रुचली नव्हती. प्रेम विफल झाले म्हणून आयुष्य उधळून देणारा तरुण नायक म्हणून मिरवावा, हे त्यांना समाजाच्या दृष्टीने घातक वाटत होते. त्यांनी त्यावर निषेधाचे पत्रक काढले नाही, बंदीची मागणीही केली नाही. त्यांनी चित्रपट काढला. १९३९ साली मराठीत 'माणूस' आणि हिंदीत 'आदमी' या नावांनी तो प्रदर्शित झाला.

'माणूस'चा नायक जमीनदाराचा लाडका मुलगा नाही. तो गणपत नावाचा साधा पोलीस शिपाई आहे. शाहू मोडक यांनी तो साकारला. एका छाप्यात त्याला मैना भेटते. कोठ्यावर आयुष्य काढणारी ही स्त्री शांता हुबळीकर यांनी अशी उभी केली, की तिच्या हसण्यातही कारुण्य दिसावे. गणपत तिला त्या चिखलातून बाहेर काढू पाहतो, आपल्या भाविक आईपुढे नेतो, तिच्याशी संसार मांडण्याची स्वप्ने पाहतो. पण मैनेचा भूतकाळ तिची पाठ सोडत नाही. तिच्या हातून खून होतो आणि ती तुरुंगात जाते. गणपतही कोसळतो. तोही काही काळ देवदासच्याच वाटेने निघतो. पण शांतारामांनी त्याला त्या वाटेवर मरू दिले नाही. तो परत फिरतो, आपल्या कर्तव्यावर रुजू होतो.

हे उत्तर मास्तरी उपदेशाचे नव्हते, हे विशेष. अनंत काणेकर यांच्या लेखणीने आणि मास्टर कृष्णराव यांच्या संगीताने त्यात रंग भरले होते. त्या काळच्या गुळचट चित्रपटी प्रेमगीतांची त्यात मनसोक्त थट्टा होती. आणि मुख्य म्हणजे गणपतचे दुःख देवदासच्या दुःखाहून तसूभरही कमी नव्हते. किंबहुना ते अधिकच होते. कारण देवदासने आपल्या भ्याडपणाने पारो गमावली आणि गणपतने धैर्य दाखवूनही मैना गमावली. तरी जगला तो गणपत. 'प्रेमभंग म्हणजे जीवनभंग नव्हे' हे सूत्र शांतारामांनी एका सामान्य शिपायाच्या पाठीच्या कण्यातून सांगितले.

नाशिककरांना हा विचार परका वाटू नये. याच गोदाकाठच्या कुसुमाग्रजांनी ऐन तारुण्यात येथील गोदावरी सिनेटोनमध्ये काम केले, पटकथा लिहिली, पडद्यावर लक्ष्मणाची भूमिकाही केली. पुढे त्यांच्या 'कणा' या कवितेने पुरात सारे गमावलेल्या माणसाच्या स्वाभिमानाचे जे चित्र उभे केले, ते मराठी मनाने आपलेच मानले. दुःख नाकारायचे नाही, पण दुःखाच्या पायाशी लोळण घ्यायची नाही, ही आपली रीत आहे.

दोष कोणाचा?

परंतु 'माणूस'चा दाखला देऊन तरुणांना चार खडे बोल सुनावले, की आपले कर्तव्य संपले असे समजणे म्हणजे अर्धेच सत्य पाहणे होय. देवदास व्यसनाने मेला हे खरे. पण त्याला त्या वाटेवर ढकलले कोणी? दोन्ही घरे ब्राह्मणांची, दोन्ही शेजारची. आडवी आली ती प्रतिष्ठा. चक्रवर्तींच्या घराण्यात मुलीच्या लग्नात पैसे घेण्याची चाल होती म्हणून ते घर हलके ठरले. एका बापाचा अहंकार दुखावू नये म्हणून दोन मुलांचे आयुष्य पणाला लागले. त्या घरात पूजाअर्चा होती, कुलाचार होते, वडिलांचा धाक होता. नव्हता तो फक्त मुलाचे ऐकून घेणारा कान.

कुटुंबव्यवस्था ही या समाजाची खरी शक्ती आहे, असे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण ज्या कुटुंबात मुलाला किंवा मुलीला मनातले निर्भयपणे बोलता येत नाही, ते कुटुंब बाहेरून कितीही भक्कम दिसले तरी आतून देवदास घडवीत असते. व्यसनाधीन झालेल्या, खोलीचे दार लावून बसणाऱ्या मुलाला आपण सहज 'देवदास झाला' म्हणून मोकळे होतो. त्या थट्टेत घरच्यांचा वाटा किती, हे तपासण्याची तसदी कोण घेतो?

या दृष्टीने शरदबाबूंच्याच दुसऱ्या कथेची पुनर्निर्मिती पाहावी. 'परिणीता' १९५३ साली बिमल रॉय यांनी पडद्यावर आणली आणि २००५ साली प्रदीप सरकार यांनी ती पुन्हा केली. तेथेही दोन शेजारची घरे, तेथेही श्रीमंत बापाचा अहंकार. मात्र सरकार यांच्या चित्रपटात अखेरीस नायक शेखर दोन घरांमधली भिंत स्वतःच्या हातांनी फोडतो. विद्या बालनची ललिता पलीकडे उभी आहे आणि विटा कोसळताहेत, हे दृश्य पाहताना चित्रगृहातले कुटुंबवत्सल प्रेक्षकही त्या भिंतीच्या विरोधात उभे राहिले. देवदासमध्ये दार मिटते, परिणीतेत भिंत पडते. एकाच लेखकाच्या दोन कथांतून निघालेले हे दोन शेवट. आपल्या घरात यांपैकी कोणता घडावा, हे ठरविणे वडीलधाऱ्यांच्या हाती असते.

अलीकडची साक्ष तर आपल्याच मातीतली आहे. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. करमाळ्याच्या परिसरातले आर्ची आणि परश्या यांच्या प्रेमाने महाराष्ट्र वेडावला, आणि त्या चित्रपटाच्या शेवटाने तोच महाराष्ट्र सुन्न झाला. देवदासमध्ये घराण्याची प्रतिष्ठा मुलाला झुरवून मारते. 'सैराट'मध्ये ती शस्त्र घेऊन दाराशी येते. यात जातीचे विष आहे, हे सांगायला समीक्षक नको. समरसतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने त्या रक्ताळलेल्या चिमुकल्या पावलांकडे मान न वळविता पाहिले पाहिजे. हिंदू समाज एक आहे असे व्यासपीठावरून म्हणणे सोपे. मुलीने जातीबाहेरचा मुलगा निवडला, त्या संध्याकाळी स्वतःच्या ओटीवर ते म्हणणे अवघड. आणि खरी परीक्षा त्या ओटीवरच होते.

'सैराट'चीही पुनर्निर्मिती झाली. २०१८ साली तो 'नूरजहाँ' या नावाने बंगालीत गेला. त्याच वर्षी हिंदीत 'धडक' आला. त्यात उदयपूरहून पळालेले प्रेमिक आसरा शोधत जातात ते कलकत्त्यालाच! १९१७ साली हरिश्चंद्राच्या निमित्ताने सुरू झालेली ही ये-जा अजून थांबलेली नाही. कथा इकडून तिकडे गेली, गाणी गेली, नाचही गेले. पण मूळ चित्रपटाने जी जागा हलविली, ती 'धडक'ला हलविता आली नाही. उसळत्या यौवनाची नक्कल करता येते, परंतु करमाळ्याच्या धुळीतून उगवलेल्या वेदनेची नक्कल कशी करणार? 'माहेरची साडी' नेसविणाऱ्यांना जे साधले, ते येथे साधले नाही. कारण लुगडे बदलले तरी अंगात जीव लागतो.

अश्रू पुसताना

तेव्हा भावनाप्रधान चित्रपटांना घराबाहेर ठेवण्याचा अट्टहास व्यर्थ आहे. आज तर दूरदर्शन संच आणि भ्रमणध्वनी यांतून ते घराघरांत शिरलेलेच आहेत. कोणता देवदास मुलांनी पाहावा यावर पहारा बसविणे कोणाही पालकाला शक्य नाही. शक्य आहे ते इतकेच, की तो त्यांच्यासोबत बसून पाहावा. बिमल रॉय यांचा देवदास पाहावा आणि जमल्यास पुढच्या रविवारी शांतारामांचा 'माणूस'ही पाहावा. रडू आले तर मोकळेपणाने रडावे. आईवडिलांना रडताना पाहिल्याने मुले बिघडत नाहीत, उलट जवळ येतात. आणि चित्रपट संपल्यावर दिवा लावून एक साधा प्रश्न विचारावा: मुखर्जींच्या जागी आपण असतो, तर काय केले असते?

या प्रश्नाचे उत्तर मुलांनी द्यायचे नाही. ते आईवडिलांनी, आजीआजोबांनी द्यायचे आहे, आणि मुलांनी ऐकायचे आहे. एखाद्या घरात ते प्रामाणिकपणे दिले गेले, तर त्या घरातला न बोललेला शब्द वेळेवर बोलला जाईल. गणपतसारखे उभे राहण्याचे बळ मुलांच्या अंगी यावे अशी अपेक्षा आपण जरूर करावी. पण त्याआधी आपल्या वाड्याचे ते थोरले दार कोणाच्या तोंडावर मिटत नाही ना, हे आपणच उठून पाहिले पाहिजे.